हत्तीने कुंपण का घातले?

सोमवार, ६ जानेवारी
गोखिवऱ्याच्या शाळेत आज पहिला दिवस. निवृत्त माणसांनी आठवड्यातून तीनदा येऊन दुसरीच्या मुलांचं वाचन तपासावं, अशी शाळेची विनंती. माझ्याइतका योग्य माणूस त्यांना मिळाला नसता. औषधांच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. एक वाकडी गोळी हातून सुटली नाही. वर्गाच्या स्वप्नाबाई म्हणाल्या, मुलं वाचतात भराभर, पण गोष्ट समजते का, ते बघायचंय. म्हटलं, दोन आठवड्यांत एकोणीसच्या एकोणीस तयार करून देतो.
घरी बायको, रिटा म्हणाली, फक्त मुलांवर ओरडू नका. मी ओरडत नाही. हे तिला मोठ्याने सांगावं लागलं.

बुधवार, ८ जानेवारी
छत्री हरवलेल्या सशाची गोष्ट. ससा का रडला? छत्री हरवली म्हणून. सरळ छापलंय! आयुष म्हणतो, "आई ओरडेल म्हणून." गोष्टीत आई आहे कुठे? प्रिन्सी म्हणते, "छत्री नवीन होती म्हणून." चूक. चूक. पास फक्त दोन.
स्वप्नाबाईंचं म्हणणं, दोन्ही उत्तरं चालतील, मुलं विचार करतायत. चालतील? अशाने देश कसा चालणार? येताना रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, सुट्टे द्या.

शुक्रवार, १० जानेवारी
पास एक. म्हणजे प्रगती उलटी. दोष माझ्या पद्धतीत नाही, हे तपासून पाहिलं. दोष गोष्टींत आहे. सगळ्या गुळमुळीत. स्वतः लिहायची ठरवली.

रविवार, १२ जानेवारी
सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग लेखन. चाळीस मिनिटांत गोष्ट तयार :
'तळ्याकाठी शिस्तप्रिय हत्ती आणि बेजबाबदार माकड राहत होते. हत्तीने तळ्याला कुंपण घातले. माकडाला लांबून पाणी आणावे लागले. त्याला चांगली अद्दल घडली.'
स्वच्छ. कुठे शंकेला जागा नाही. रिटाने वाचली आणि म्हणाली, हे आपलं बावखल, आणि हा आपला लेस्ली. काहीतरीच! लेस्ली माझा सख्खा धाकटा भाऊ, माकड नव्हे. बावखलाचं, म्हणजे आमच्या सामाईक तळ्याचं पाणी दोघांच्या केळींना जायचं, त्याला मी दोन वर्षांपूर्वी कुंपण घातलं, हा वेगळा विषय. त्याच्या मुलीच्या, जोआनाच्या लग्नपत्रिकेत माझं नाव चौथ्या ओळीत होतं. त्याच्या बायकोच्या, ब्रेंडाच्या भावाच्या खाली! मुलीच्या मोठ्या काकाचं नाव, आईच्या भावाच्या खाली! पण तो वेगळा विषय.

बुधवार, १५ जानेवारी
लेखी चाचणी. रागाने अक्षर बिघडलंय.
शहाणा कोण? सतरा जणांनी लिहिलं माकड. दोघांनी लिहिलं, कोणीच नाही.
हत्तीने कुंपण का घातले? अपेक्षित उत्तर : शिस्त लागावी म्हणून. आयुष : 'तो रुसला.' प्रिन्सी : 'त्याच्याशी कोणी खेळत नाही.' विघ्नेश : 'हत्ती येडा आहे.'
एकोणीस नापास. लाल पेन संपलं. विघ्नेशला मी ओरडलो नाही, तो दचकला एवढंच.

शुक्रवार, १७ जानेवारी
पेपर नेऊन स्वप्नाबाईंच्या टेबलावर आपटले. म्हटलं, हा तुमच्या शाळेचा दर्जा. बाईंनी सगळे शांतपणे वाचले. म्हणाल्या, "सर, मुलांना गोष्ट कळलीय. माकडाने केलं काय, हेच तुम्ही कुठे लिहिलेलं नाही."
बाईंना काय कळतंय! म्हटलं, चला वर्गात, तोंडी घेतो, तुमच्यासमोर. वर्गात गेलो. दोन आठवडे तोंड न उघडलेली ऋतिका हात वर करून उभी. "सर, माकडाने काय केलं होतं?"
रागाच्या भरात निघून गेलं तोंडातून. लग्नाच्या पत्रिकेत हत्तीचं नाव चौथ्या ओळीत छापलं होतं.
वर्ग हसला. बेंचवर हात आपटून हसला. बाई फळा पुसायला लागल्या. फळा कोरा होता.
ऋतिका तेवढी हसली नाही. "पण नाव होतं ना?" म्हणाली.
तास संपला, असं जाहीर करून निघालो. तास संपायला पंचवीस मिनिटं होती.

शनिवार, १८ जानेवारी
मुलांना आजकाल शिस्त नाही. जेवलो नाही. रिटाने ताट झाकून ठेवलं, तेही आवडलं नाही.

सोमवार, २० जानेवारी
शाळेला कळवलं, पाठ धरलीय.
सकाळी कुंपण काढायला घेतलं. तार गंजली होती, म्हणून. दुसरं कारण नाही. एकट्याला गुंडाळता येईना, आणि तार उसळून हाताला लागली. एवढ्यात लेस्ली आला. त्याने दुसरं टोक धरलं. अर्धा तास गुंडाळत होतो दोघं. ब्रेंडा ओट्यावरून बघत होती.
शेवटचा खांब उपटताना लेस्लीने विचारलं, "पण तू हे घातलं होतंस कशासाठी? आम्हाला आजपर्यंत कळलं नाही."
दोन वर्षं! दोन वर्षं मी त्याला अद्दल घडवतोय, आणि याला माहीतच नाही!
म्हटलं, गुरं येत होती.
तो म्हणाला, "गुरं कोणाची?"
घरी आलो. प्रचंड संताप आलाय. नक्की कोणाचा, ते ठरत नाहीये.