दादाच्या रानातलं मीठ

२ मे १९९८, शनिवार. संध्याकाळ.

गडमुडशिंगीला दादाच्या रानात जाऊन आलो. खालच्या पट्टीत मातीवर पांढरी पापडी धरली आहे. जिभेवर ठेवून पाहिली. खारट.

दादा म्हणाला, "ऊस पिवळा पडलाय. पाणी कमी पडतंय बघ. उद्या सहाला मोटर लावतो."

मी समजावलं. उन्हात घाम येतो, अंग निवतं, घाम थांबतो. ते चक्र स्वतःला आवरतं. इथलं उलटं. जादा पाण्यानं जमिनीखालची पातळी चढते, सोबत मीठ वर येतं. मिठानं ऊस खुरटतो. खुरटलेला ऊस पाणी कमी ओढतो, म्हणून पातळी आणखी चढते. हे चक्र स्वतःलाच हाकत सुटतं. आधी चर खणून साठलेलं पाणी बाहेर काढायला हवं.

वहिनी उसातलं तण भांगलता भांगलता म्हणाल्या, "भावजी, पाणी वाढवा, मीठ धुऊन जाईल, असं तुमीच सांगितलं हुतं की."

"मी न्हाय तसं म्हटलं, वहिनी."

दादा खुरप्यानं ती पापडी उकरत राहिला.

खोटं बोललो. तीन वर्षांपूर्वी मीच सांगितलं, पुस्तकातलं एक पान वाचून. चराचं पुढच्या पानावर होतं, ते उलटलंच नाही. नववीत शाळा सुटलेला मी, पण भावकीत माझा शब्द मोडत नाहीत, याचा केवढा ताठा. दादानं त्या शब्दावर पाणी वाढवलं. पापडी दिसली, तेव्हा अजून वाढवलं.

उद्या साडेपाचला बांधावर पोचायचं. आधी चूक सांगायची, मगच चराचं. नाहीतर त्यानं माझं दुसऱ्यांदा का ऐकावं?