किडकी वांगी आणि सांख्यिकी

अमरावती, सोमवार, १८ जून १९६२

बाबा आज बाळापूरहून माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही करायला आले. मला सांख्यिकी घ्यायची होती. त्यांचं म्हणणं, वनस्पतिशास्त्र घे, आपल्या वांग्यांच्या वाडीत कामी येईल. शेवटी त्यांनी थेट सांख्यिकीच्या सरांनाच विचारलं, "सांख्यिकी शिकून पोरीले काय येईल? किडकं वांगं कोनतं, हे सांगता येईल का तिले?"

सर म्हणाले, "कोणतं ते नाही. शंभरात किती निघतील, याचा अंदाज येईल."

संपलंच आता! काय गरज होती सरांना इतकं खरं बोलायची?

पण बाबा खूश. "कोनतं ते मले समजते. किती ते इले शिकवा."

लगेच सहीही केली. फक्त प्राचार्यांच्या जागेवर.