आई निक्षून म्हणाल्या

दर्यापूर,
११ डिसेंबर

प्रिय चंदाताईंस,

पौर्णिमाचा नमस्कार. तेल्हाऱ्याकडची थंडी कशी आहे? इथे तुरीच्या ओल्या शेंगा निघाल्यात. आईंना आवडतात म्हणून उकडायला घेते, आणि मग आठवतं की त्यांना आता पेजेशिवाय काही गिळवत नाही.

फोन सोडून चिठ्ठी का, म्हणाल. तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवायची रीत, घरचं सारं खटलं ऐकतं. उस्मानभाई उद्या कापसाच्या गाडीबरोबर तिकडे येताहेत, त्यांच्याजवळ देते.

आई तशाच आहेत. लकव्यानंतर वाचा परतली नाही. डॉक्टर म्हणाले, मनाची तयारी ठेवा. मन राहिलं बाजूला, तुमच्या भावांनी पुढचीच तयारी काढली. मोठे भाऊजी म्हणतात अग्नी द्यायचा, वडलांना दिला तिथेच. हे म्हणतात, आईनं रिद्धपूरला उपदेश घेतला, महानुभाव पंथात जाळत नाहीत, माती देतात, तर मातीच. आणि हे सगळं आईंच्या खाटेशी, त्यांच्या देखत! ऐकू तर येतं ना त्यांना. मला भारी राग येतो.

परवा भाऊजी मला म्हणाले, "आईजवळ दिवसभर तूच. तुले कधी काई बोलली काय ते? वाटते-बिटते नाई चालत, ठाम सांग."

मी म्हणाले, "निक्षून सांगतलं आईनं, मले जाळू नोका म्हणून."

निक्षून! हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला, देव जाणे. पेपरात पुढारी निक्षून सांगत असतात, तिथलाच असेल. भाऊजी तिथून उठले. हे तर माझ्याकडे असे बघत होते, जशी काही मी कोर्टात केस जिंकले.

ताई, आई तसं म्हणाल्या नाहीत. म्हणजे म्हणाल्या, पण तसं नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. आम्ही दोघी आपल्या शेताच्या धुऱ्यावर बसलो होतो. जाळाकडे बघत त्या म्हणाल्या, "मले आगीचं भेव वाटते वं, पौर्णिमा." मी म्हटलं, "आग तं तिकडं दूर हाये, आई." त्या हसल्या आणि पदर सावरून उठल्या. झालं, एवढंच.

ते त्या जाळाबद्दल होतं की सरणाबद्दल? मला हवं तेच मी ऐकलं का? पण तुम्हीच सांगा, या बाईनं जन्मात कधी काही ठाम म्हटलं? भाजी कोणती करू विचारलं तर "तुमाले जमन ते." उपदेश घेतला तोही कसा, "जरा रिद्धपूरले जाऊन येतो" म्हणून गेल्या आणि घेऊनच आल्या. अशा बाईचं "भेव वाटते" म्हणजेच निक्षून नसेल का? की मी माझीच वकिली करते आहे? सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. पोळ्या करपतात माझ्या.

काल त्यांचा हात धरून विचारलं, "आई, माती ना?" त्यांनी हात दाबला. मला रडू आलं. मग विचारलं, "चहा देऊ?" तेव्हाही तसाच दाबला.

रविवारी भाऊजी भावकीसमोर मला आईंच्या पायावर हात ठेवून पुन्हा सांगायला लावणार आहेत. निक्षून म्हटलं तर त्यांच्या पायावर खोटं. आणि जे ऐकलं तेवढंच म्हटलं, तर लोक म्हणतील, भेव तर साऱ्यांनाच वाटते, बायांचं काय घेऊन बसले! आणि ज्याचं त्यांना भय, तिथेच त्यांना नेतील.

मी तेवढंच म्हणायचं ठरवलंय. आईंचेच शब्द, मागेपुढे काही न लावता. तेव्हा आवाज फुटेल का, माहीत नाही. तुम्ही लेक आहात. तुम्हाला त्या काही बोलल्या असतील तर या, नसतील तरी या. कोणी हसायच्या आत तुम्ही फक्त म्हणा, "हो, आई अशीच बोलते."

शनिवारच्या शेवटच्या गाडीपर्यंत दारात उभी असेन.

तुमची,
पौर्णिमा