सव्वाचौदा इंच

३ जून, सोमवार. सकाळी ८.१०
जिममध्ये नवा कोच आलाय. फोटोंचा बोर्ड लावणार. रविवारी फोटो: नव्या मेंबरांचे ‘आधी’, जुन्यांचे ‘नंतर’. मी लगेच नाव दिलं. सहा महिने घाम गाळतोय, ही एकदाही ‘फरक दिसतो’ म्हणालेली नाही. बोर्डवर बघितल्यावर म्हणेल.
थंड असताना दंड साडेतेरा इंच. तिसऱ्या सेटनंतर सव्वाचौदा! शीरसुद्धा दिसली. एक. पण चाळिसाव्या मिनिटाला पंप, म्हणजे व्यायामाने दंडाला आलेला फुगवटा, गायब, पुन्हा साडेतेरा. दोष पंख्याचा. माझ्या बाकावर थेट वारा येतो.

४ जून
बाक बदलला. तरी तेच! मोजून येईपर्यंत पंप पसार. कोच म्हणाला, काका, दोन सेटमध्ये दीड मिनिटापेक्षा जास्त थांबू नका. आता टेप लॉकरमध्ये, लॉकर वरच्या मजल्यावर, चांगला आरसाही तिथेच. जाऊन-येऊन नऊ मिनिटं. याला थांबणं म्हणतात का? जिने चढतोय की मी!
आणि काका कोणाला म्हणतो? फक्त शेहेचाळीस.

६ जून, गुरुवार
डोकं फिरलंय. पंप आज विसाव्या मिनिटालाच गेला. कोचचं एकच पालुपद: पाणी प्या, पोटभर जेवा. पाण्याने शिरा बुजतात, एवढंही याला माहीत नाही. मी पाणी अर्ध्या ग्लासावर आणलंय, रात्रीचं जेवण बंद.
ऑफिसात वरच्या कप्प्यातली फाइल काढताना चक्कर आली. शिपायाने धरलं. साहेबांना वाटलं बीपी. म्हटलं, फिटनेस आहे.
हिची शिवणाची टेप चार दिवस सापडत नाहीये, गिऱ्हाइकांचे कपडे अडलेत. म्हटलं, शोधतो.
पायांचा व्यायाम सोमवारपासून नक्की.

८ जून, शनिवार
प्लॅन पक्का. फोटो नऊला. सातपासून दोन तास फक्त दंड. पंपावर पंप चढेल. साडेचौदा कुठे जात नाहीत. आज दिवसभर उपाशी.

९ जून, रविवार. दुपारी
७.२० ला सव्वाचौदा. म्हटलं, आत्ताच काढा फोटो! फोटोग्राफरचा पत्ता नाही. ७.५० ला साडेतेरा. ८.३० ला सव्वातेरा!! सुरुवातीपेक्षा कमी! पाव इंच गेला कुठे? शेवटचं डंबेल तर जागचं हलेना. फोटोला दंड फुगवायला गेलो तर गाल फुगले. संताप संताप झाला.
लाइटिंगच भिकार होतं.

१० जून, सोमवार
बोर्ड लागला. मुद्दाम हिला घेऊन गेलो.
फोटो स्वच्छ आलाय. ‘आधी’च्या रकान्यात.
कोचला तिथल्या तिथे झापलं. बिचारा चपापला. म्हणाला, सॉरी काका, मला वाटलं तुम्ही याच महिन्यात सुरू केलंय.
हिने फोटो अगदी जवळ जाऊन बघितला. मग हळूच म्हणाली, राहू दे तिथेच. पुढच्या वेळी फरक तरी दिसेल.