पिठोरीचं वाण

सापगाव, सन १९५८

सौ. पारूस,

हे पत्र टपालात पडणार नाय, म्हणून खरं लिहितो.

काल पिठोरी. नर्सबाई ओरडल्या, तरी दवाखान्याच्या खाटेवर तू यमूसाठी उपास धरलास. पाठ फिरवून केळं खांद्यावरून मागं धरलंस आणि विचारलंस, "अतित कोण?" पोरानं मागून नाव सांगून वाण घ्यायचं असतं. पण पोरांना वॉर्डात सोडत नाय, म्हणून मागं मी उभा होतो. म्हणालो, "मी, यमू."

यमू नाय गो आता. श्रावण लागताच तापानं गेली. ओढ्याकाठी मीच तिला पुरली. डाक्तर म्हणतात, हे कळलं तर तू वाचायची नाय. सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुला तेवढं नाय.

"तिलाच द्या, वाटेत तुमी खाऊ नका," म्हणून हसलीस. केळं ओढ्यावर ठेवून आलो.

पण वाण देताना तू पाठमोरीच म्हणालीस, "शंभर वरसं जग गो बाय." ती वरसं माझ्या पदरात पडली, पारू. एवढी घेऊन मी काय करू?

तुझाच,
कमळू