दीडशहाण्याला सापडलेलं दप्तर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या बडबड्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच केला आहे, गोड मानून घे. दिवसभर कागद स्कॅन करून कमरेचा काटा ढिला झाला आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांना अजून हवं तेवढंच ऐकू येतं ना? आमच्याकडे सगळे बरे आहेत. बाबांची सर्दी सोडली तर काळजी करण्यासारखं काही नाही, आणि ती सर्दीही त्यांनीच काळजी करून करून टिकवून ठेवली आहे.

तू मागे विचारलं होतंस, वकिलाच्या ऑफिसात टायपिंगखेरीज मी करते तरी काय. तर ऐक. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आलं आहे. खटल्याची करारपत्रं, पत्रव्यवहार, साक्षीदारांच्या जबान्या, सगळं त्याच्या पोटात घालायचं. मग एखादा शब्द विचारला, की तो जिथे जिथे असेल ती पानं त्याने पुढ्यात आणायची, आणि जबानीत कुणी उलटसुलट बोललं असेल तर ते पान लाल करायचं. विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला बाईसाहेब (म्हणजे आमच्या वकीलबाई) अशा भुलल्या, की त्यांनी दोन कपाटं विकायला काढली. त्याचं खरं नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्याला दीडशहाणा म्हणते. आता बाईसाहेबही म्हणतात, पक्षकार समोर नसले की.

पहिल्या दिवशी मला एका जिन्याखालच्या जागेचे कागद हवे होते, म्हणून मी 'जागा' हा शब्द टाकला. दीडशहाण्याने मोठ्या इमानाने गोदामाच्या चोरीतल्या रखवालदाराची जबानी आणून दिली. तो बिचारा पानोपानी म्हणत होता, मी जागा होतो, मी जागा होतो. (जागा होता तर चोरी झाली कशी, हा प्रश्न काही दीडशहाण्याला पडला नाही.) मी हसले, पण मनातून चरकले, कारण ती जिन्याखालची जागा म्हणजे आपल्या शिंपीकाकांचं दुकान. तू आणि बाबा लहानपणी राहत होतात त्याच इमारतीतलं.

इमारत आता नव्या मालकाने घेतली आहे, आणि घेतल्या घेतल्या काकांना घुसखोर ठरवून दावा लावला आहे. काकांचं म्हणणं, जुन्या मालकांनी त्या जागेबद्दल तोंडी शब्द दिला होता. (काय शब्द, ते मी इथे लिहायचं नाही अशी बाईसाहेबांची सक्त ताकीद आहे. का, ते पुढे कळेल.) कागदाचा कपटा नाही, आणि शब्द देणारे कधीच वारले. या वयात हा माणूस शिलाई मशीन डोक्यावर घेऊन जाणार कुठे? मला तर त्या विचाराने जेवण जात नाही.

आमची सगळी भिस्त जुन्या मालकांच्या पत्नीवर होती. मालकीणबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि झकास बोलल्या. यजमानांनी तुमच्यापाशी हे बोलून दाखवलं होतं का? 'हो ना!' पुढे कधी शब्द फिरवला? 'नाही हो!' तुमच्या लक्षात आहे? 'लक्षात नसायला काय झालं?' आपल्याला यात काही खटकतं का? पण दीडशहाण्याने ती जबानी वाचली आणि कपाळाला हात लावला. 'हो ना' म्हणजे होही आणि नाहीही, 'नाही हो' म्हणजे नाहीही आणि होही, आणि तिसऱ्या उत्तराला तर त्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. पानंच्या पानं लाल करून वर शेरा मारला: 'साक्षीदार विसंगत.' समोरच्या वकिलांकडेही हाच दीडशहाणा, शिवाय महागातला. त्यांनी तो शेरा छापून थेट कोर्टापुढे ठेवला आणि भाषण ठोकलं, की ही बाई एका दमात हो आणि नाही म्हणते, हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

न्यायाधीश शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून विचारलं, 'ही जबानी तुम्ही स्वतः वाचली आहे का?'

वकीलसाहेब छाती पुढे काढून म्हणाले, 'हो ना, साहेब!'

आत्या, कोर्टात टाइप करणाऱ्या बाईंना पहिलं हसू फुटलं आणि शेवटी खुद्द न्यायाधीशांनी तोंडापुढे फाइल धरली. तो शेरा तिथेच निकालात निघाला.

पण हसून खटला जिंकता येत नाही. न्यायाधीश म्हणाले, बाई खरं बोलतात हे मान्य, पण त्यांनी हे नवऱ्याकडून ऐकलं. शब्द दिला तेव्हा समोर कोणी होतं का? असेल तर पुढच्या तारखेला आणा. आमचे चेहरे पडले. दुसऱ्या दिवशी मी निदान नगरपालिकेचं जुनं दप्तर तरी बघावं म्हणून 'दप्तर' असा शब्द टाकला, आणि दीडशहाण्याने पुन्हा मालकीणबाईंचंच लाल पान आणून आदळलं. मी त्याला चार शिव्या हासडल्या आणि मग वाचलं. दूधवाला, जावई आणि दातदुखी यांच्या मधोमध एक वाक्य होतं: 'वरच्या मजल्यावरची पोरगी होती ना तिथे, फाटकं दप्तर शिवून घ्यायला आलेली, तिच्यासमोरच तर बोलले हे.' ते 'होती ना' बघून गड्याने पान लाल केलेलं, आणि लाल दिसलं की आम्ही पुढे जात होतो. त्या गाढवाला मी त्या दिवसापासून शहाणा म्हणते. अर्धा कमी केला आहे.

बाकी क्षेम. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना एकेक धपाटा.

तुझी लाडकी (असं मीच म्हणते)
भाची

ता. क. : बाबांना विचारलं. ते म्हणाले, वरच्या मजल्यावर पोरगी एकच होती, आणि दप्तरावर बसून कठड्यावरून घसरायची, म्हणून ते कायम फाटकं. तुझ्या नावाचं समन्स निघालं आहे. ते बघून तुला घेरी येऊ नये म्हणून हे पत्र आधी.

आणखी ता. क. : चारचौघांत तुला बोलायला नको वाटतं, बँकेतही तू आतोबांना पुढे करतेस, हे मला ठाऊक आहे. पण इथे आतोबा चालणार नाहीत. आठवत असेल तेवढंच सांग. नसेल आठवत, तर आठवत नाही म्हण, तुला कोणी बोल लावणार नाही. काय सांगायचं यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नाही. (बाईसाहेबांनी पत्र वाचून मगच पाकीट चिकटवू दिलं.)

शेवटचं ता. क. : एक आगाऊपणा झाला आहे. शिंपीकाकांनी सामानाची बांधाबांध सुरू केली होती. कोण साक्षीला येणार, असं त्यांनी विचारलं, आणि तुझ्या होकाराची वाट न बघता मी तुझं नाव सांगून बसले. आज मी दुकानावरून गेले, तर गाठोडी सोडलेली होती, मशीन पुन्हा उजेडाकडे लावलेलं होतं, आणि काका एका गिऱ्हाइकाला सांगत होते, की पुढच्या महिन्यात या, कोट शिवून ठेवतो.