ओल्या लोखंडावरचा रंग

पप्पा, मंगळवारी तुमचा ट्रक मी गाडी वर उचलायच्या माझ्या होइस्टवर चढवला आणि त्याला नापास केलं. नऊ वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेला तो पिकअप ट्रक. आईला तो यंदा चौदा एप्रिलला जयंतीच्या हॉलपर्यंत न्यायचा होता, समोर निळा झेंडा लावून, तुम्ही न्यायचात तसा. त्यासाठी रस्त्यावर चालवायचं वॉरंट, म्हणजे तपासणीचा दाखला हवा, आणि या गावात ते देणाऱ्या दोन माणसांपैकी एक मी आहे. आई बाहेर खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघतात तशी. घरून निघण्याआधी तिने सीटसुद्धा पुसल्या होत्या. मी खालून हातोडीने चासी ठोकत पुढून मागे सरकत गेले. आधी खणखणीत आवाज येत होता, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर पोचले तेव्हा तो बसला, आणि पुढच्या ठोक्याला हातोडीचं टोक आत गेलं. बाहेरून काळाकुळकुळीत, गुळगुळीत रंग आणि आत ओल्या चहापत्तीसारखा भुगा. दोन्ही बाजूंना तेच. तुकडा कापून नवा जोडावा म्हटलं तर जोडायला धड लोखंडच उरलेलं नाही.

मी सुरीने तो रंग सोलून पाहिला. थरावर थर, प्रत्येक थर एका एप्रिलचा. तिकडे परभणीजवळच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही नोकरीला होतात तेव्हा जयंतीच्या आधी जीप धुऊन खालून-वरून रंगवायचात, हे तुम्ही मला शंभर वेळा सांगितलं आहे. तिकडच्या एप्रिलमध्ये धुतलेलं लोखंड फडकं पिळेपर्यंत वाळतं. इथे दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, एप्रिल म्हणजे पोप्लरची पानं पिवळी पडलेली, सकाळी गवतावर पांढरं दहिवर आणि दुपारपर्यंत सगळं ओलं. तुम्ही देश बदललात, तारीख बदलली नाहीत. ट्रक घेतलात तोही समुद्रकाठच्या माणसाकडून, जो त्याने बोटी पाण्यात ढकलायचा. त्यात दर हिवाळ्यात घाटातला चिखलबर्फ, खडी आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ. ते सगळं चासीच्या पोकळीत जाऊन बसायचं. शनिवारी सकाळी तुम्ही वॉटर ब्लास्टरच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचात आणि त्याच दुपारी वरून काळा रंग फासायचात. पाणी आतच, मीठही आतच. इतक्या निगुतीने गंज पाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तसाच एक एप्रिल. मी सोळा वर्षांची आहे. रंगाचा डबा घेऊन ट्रकखाली पाठीवर पडले आहे आणि वरून थेंब कपाळावर पडतोय. मी म्हणते, पप्पा, अजून ओलं आहे, हात लावून बघा ना, हे फेब्रुवारीत करू, उन्हाळ्यात, आधी वायर ब्रशने घासून. तुमच्या शेजारी फार्मसीवाले काका उभे आहेत, दुसऱ्या दिवशीच्या वंदनेसाठी सहकुटुंब आलेले. मला फक्त तुमचे बूट दिसतात, पॉलिश केलेले, रंगकाम करतानाही पॉलिश केलेले. तुम्ही विचारता, "डिप्लोमा तुझ्याकडे आहे की माझ्याकडे?" काका हसतात, मग तुम्हीही. मी ब्रश मारते. म्हणजे त्या थरांमधला एक माझ्या हातचा आहे, तेवढं श्रेय माझंही.

तुम्हाला चुकीचं ठरवणारी मी पहिली नव्हते. या देशात आल्यावर माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात असताना तुमचा तो डिप्लोमा इथल्या लोकांनी मान्यता न देता दोन वर्षं नुसता उलटसुलट करून पाहिला आणि शेवटी तुम्हाला या थंड गावात फळांच्या कोल्ड स्टोअरमध्ये मशिनं सांभाळायचं काम मिळालं. तिथे तुम्हाला कोणी साहेब म्हणत नव्हतं. घरी तरी आपलंच चालावं असं तुम्हाला वाटत असेल, हे मला आता कळतं. पण त्याची किंमत मीच का मोजायची, ते अजून कळलेलं नाही.

अठराव्या वर्षी मी गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा तुम्ही जेवत होतात. ताट बाजूला सारलंत आणि म्हणालात, "माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्यांच्या दारात घण मारला. त्यानं मला पेन दिला. तुला पाना धरायला मी समुद्र ओलांडून नाही आणलं." आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, ती वळली नाही. आजोबांचे हात मी पाहिले आहेत. तीन बोटं सरळ होत नव्हती त्यांची. तुमच्या तोंडून ते वाक्य का निघालं हे मला तेव्हाही समजत होतं आणि समजलं म्हणून दुखायचं राहत नाही. हत्यार आजोबांना दुसऱ्यांनी धरायला लावलं होतं, मी माझ्या मर्जीने धरत होते, एवढा फरक तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला दिसू नये याचा मला राग आहे. तो अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

मग तुम्ही मलाही रंगवायला घेतलंत. जयंतीच्या हॉलमध्ये मी पांढऱ्या कुर्त्यात, नखं मुठीत लपवून उभी. कोणी नर्समावशी विचारायच्या, काय करतेस गं, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगायचात, इंजिनिअरिंग. पुढच्या वर्षी दुसरं वर्ष, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. हिशोबाला तुम्ही पक्के, एक वर्ष इकडचं तिकडे झालं नाही. मी खरोखर मेकॅनिकचा ट्रेड पास झाले तेव्हा तुम्ही मला लॅपटॉपची बॅग आणून दिलीत, लेदरची, चांगली महागातली. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता. मी त्यात टॉर्च आणि हातमोजे ठेवते.

मंगळवारी मी आईला आत बोलावून भोक दाखवलं.  तिने वर बघत विचारलं, "किती दिवसांचा गं हा गंज?" मी म्हटलं, शेड दमट आहे ना, गेल्या काही वर्षांतला असेल. तिने मान हलवली. "मीच ताडपत्री काढून त्याला ऊन दाखवायला पाहिजे होतं. एवढी एकच गोष्ट ठेवून गेले होते ते माझ्याकडे." आणि मग, मी थांबवायच्या आत, ती ट्रकची माफी मागितल्यासारखी त्याच्या चाकाला हात लावून उभी राहिली. मी तिला घरी सोडलं.  रात्री फोन करून तिने पुन्हा तेच सांगितलं, की चूक तिची आहे.

चूक तिची नाही. गंज नऊ वर्षांहून जुना आहे. हे मला कोणत्या तपासणीतून कळलेलं नाही, मला ते माहीत होतं. तुमच्या शेवटच्या हिवाळ्याच्या तोंडाशी तुम्ही पहिल्यांदा आणि एकदाच आमच्या गॅरेजमध्ये आलात, कारण नेहमीचा मेकॅनिक सुटीवर होता. माझा बॉस किआ ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणत पुढे आला, म्हणाला तुमची मुलगी आमच्याकडची सगळ्यात चांगली कारागीर आहे. तुम्ही घाईघाईने म्हणालात, "नो नो, शी इज जस्ट हेल्पिंग. शी इज अॅन इंजिनिअर." माझं ते तिथलं सहावं वर्ष होतं. बॉसने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी ट्रक वर घेतला, ऑइल बदललं आणि मागच्या पाट्यांच्या वर रंगाला आलेला फुगा मला दिसला. अंगठ्याने दाबल्यावर पापुद्रा सुटला. खाली तपकिरी, ओलं. असं काही दिसलं की खडूने खूण करायची आणि गिऱ्हाइकाला खाली बोलावून दाखवायचं, हा पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम. खडू माझ्या खिशात होता. मी पापुद्रा परत जागेवर दाबून बसवला, फडक्याने पुसला आणि ट्रक खाली घेतला. मोडू दे एकदा चार लोकांसमोर, मग येतील माझ्याकडे विचारायला, असं माझ्या मनात होतं. तुम्ही किल्ली घेतलीत आणि माझ्याकडे न बघता निघून गेलात.

तो मोडला नाही. हिवाळाभर तुम्ही तो चालवलात आणि वसंतात हॉस्पिटलच्या खाटेवर हृदयविकाराने गेलात. ट्रक दारात धड उभा होता, त्यामुळे मला कोणी काही विचारलं नाही. हे सगळं मी आईला सांगायला हवं, म्हणजे तिचं ओझं तरी उतरेल. त्याऐवजी मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही उलट काही बोलणार नाही. हा कागद मी कोणाला देणार नाही, तिला तर नाहीच.

कारण त्या हिवाळ्यात तिची ड्यूटी घाटापलीकडच्या वृद्धांच्या रेस्ट होममध्ये होती आणि तुम्ही रोज पहाटे तिला शेजारी बसवून त्याच ट्रकने सोडायला जायचात. तो पापुद्रा दाबून बसवताना ती रोज त्यात बसते हे मला आठवलं होतं, पप्पा.